कुठं उभारलेलीस?

आण्णांना कुठलाही फोटो दाखवा, त्यात कोण आहे याबद्दल ते आधी बोलतच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, कागद नाकाजवळ नेतात आणि विचारतात, “कुठं उभारलेलीस?”

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडं माणूस ‘उभा राहत’ नाही, ‘उभारतो’. बसची वाट बघत उभारतो, रांगेत उभारतो, दारात उभारतो. बाकी महाराष्ट्रात इमारती उभारतात, मंडप उभारतात, इथं माणसं. फोटो काढणाऱ्यासाठी मला याहून नेमका शब्द मिळालेला नाही.

आण्णा आता ८६ वर्षांचे आहेत. मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. त्याच जागेत आता भाऊ पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतो, आणि आण्णा सकाळी दहा ते बारा काउंटरमागं बसतात. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन गावात फिरते. कॅमेरा कुठं धरायचा, हा आम्हा बापलेकीतला वाद तीस वर्षांहून जुना आहे. गेल्या नोव्हेंबरात त्या वादात एक नवी गोष्ट घडली, म्हणून हे लिहायला बसले.

आण्णांचा हात बसला तो यशिका मॅटवर. दोन भिंगांचा उभट डबा. वरचं भिंग बघायला, खालचं फोटो काढायला. पट्टा गळ्यात अडकवला की तो बरोबर पोटावर येतो. वरचं झाकण उघडायचं, मान खाली घालायची आणि दुधी काचेवर समोरचं जग बघायचं. काचेवर ते सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. नवरी डावीकडं सरकली की काचेत ती उजवीकडं जाते. वन-ट्वेंटीच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यामुळं आण्णांचे नियमही ठरलेले. डोक्यावर चार बोटं जागा सोडायची. पाय घोट्यात कापायचे नाहीत. कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा सपाट हवा. पेठेतली कितीतरी वर्षांची लग्नं, बारशी, साठीशांती आज लोकांच्या कपाटांतल्या अल्बममध्ये आहेत, ती सगळी आण्णांच्या बेंबीच्या उंचीवरून बघितलेली आहेत.

बेंबी हा शब्द मी उगाच आणला नाही. आर्ट कॉलेजला असताना आमच्या एका सरांनी मला एका रशियन चित्रकाराबद्दल पहिल्यांदा सांगितलं. अलेक्झांडर रॉडचेन्को. या माणसानं १९२८ साली मॉस्कोतल्या ‘नोवी लेफ’ या मासिकात असं मांडलं होतं की फोटो कुठल्याही जागेवरून काढा, फक्त बेंबीवरून काढू नका. त्या काळचे बरेचसे कॅमेरे पोटाशी धरूनच वापरायचे, आणि त्यानं नेमकं त्या उंचीवरच बोट ठेवलं. वर्गात सगळ्यांना गंमत वाटली. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं, कारण माझ्या डोळ्यांपुढं आण्णा आले, मान खाली घालून, पोटावर यशिका धरलेले.

त्याचं म्हणणं पुढं असं होतं. चित्रकारांनी शतकानुशतकं माणसाचा डोळा एका जागी खिळवून ठेवला, आणि कॅमेरा हे नवं यंत्र हातात आल्यावरही लोक त्याच जागेवरून बघत राहिले. आपण रस्त्यात वर बघतो, जिन्यावरून खाली बघतो, ट्राममधून तिरकं बघतो. फोटोत मात्र यातलं काही उतरत नाही. म्हणून सर्वांत जास्त सांगणाऱ्या दोन जागा म्हणजे वरून खाली आणि खालून वर. आणि एका वस्तूचा एकच फोटो काढून तिला निकालात काढू नये, तिच्याभोवती फिरून अनेक जागांवरून ती बघावी.

त्याच लेखात पॅरिसची एक आठवण आहे. १९२५ साली तो तिथं गेला होता. आयफेल टॉवर लांबून पाहिला तेव्हा त्याला तो मुळीच आवडला नाही. पण एकदा बसमधून अगदी जवळून जाताना खिडकीतून त्या लोखंडी रेषा वर वर निघून जाताना दिसल्या, आणि तेव्हा त्याला टॉवरचं वजन आणि बांधणी कळली.

हे वाचलं त्या दिवसांत मी रोज केएमटीनं कॉलेजला जात होते. शाहू मिलची चिमणी मला लहानपणापासून ठाऊक होती. लांबून बघितली की एक काठी. ती मिल शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली, आमच्या आज्जीचा दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. पण चिमणी अशी मी कधी बघितलीच नव्हती. त्या आठवड्यात बस तिच्याजवळ आली तेव्हा मी खिडकीच्या गजाला गाल टेकवून वर बघितलं. चिमणी खिडकीत मावेना. ती तिरकी होऊन वर गेली, आणि माझी मान दुखली. मान दुखणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग होता, हे कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

रॉडचेन्को मुळात फोटोग्राफर नव्हे. १९२१ साली त्यानं तीन कॅनव्हास रंगवले, एक नुसता लाल, एक नुसता पिवळा, एक नुसता निळा, आणि चित्रकला इथं संपली असं म्हणून टाकलं. फोटोकडं तो १९२४ च्या सुमारास वळला. सिनेमाची पोस्टर्सही तो करायचा. हे वाचताना मला सारखे आपले कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर आठवत राहतात. बाबूराव १८९० चे, रॉडचेन्को १८९१ चा. बाबूराव १९५४ साली गेले, तो १९५६ साली. दोघं ब्रशवाले, दोघांच्या हाती कॅमेरा आला आणि दोघांनी ब्रशमधलं शिक्षण त्यात ओतलं. बाबूरावांनी तर कॅमेराच इथं कोल्हापुरात खटपट करून जुळवला. १९२५ साली त्यांचा ‘सावकारी पाश’ हा सिनेमा आला. त्याच वर्षी रॉडचेन्कोनं मॉस्कोच्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या आपल्या राहत्या इमारतीचे फोटो काढले. आणि त्याच वर्षी जर्मनीत लाइप्झिगच्या जत्रेत लायका नावाचा छोटा कॅमेरा पहिल्यांदा विक्रीला मांडला गेला. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी १९२५ हा आकडा दिसला की मला बरं वाटतं.

त्या इमारतीच्या फोटोंबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तिथंच माझा जीव अडकलेला आहे. रॉडचेन्को भिंतीला खेटून उभारला आणि कॅमेरा सरळ आभाळाकडं केला. एकावर एक बाल्कन्या, प्रत्येक वरची बाल्कनी खालचीपेक्षा लहान, आणि सगळी इमारत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी निघालेली. दुसऱ्या एका फोटोत भिंतीवरची लोखंडी आगशिडी आहे आणि तिच्यावर चढणारा माणूस. पायऱ्या इतक्या दाट की माणूस त्यांत गुंतल्यासारखा दिसतो. विषय काय, तर आपल्याच घराची भिंत. रोज येता-जाता दिसणारी. त्यासाठी तो कुठं लांब गेला नाही, फक्त भिंतीच्या जवळ गेला.

शाळेत मी यथार्थदर्शन शिकवते. फळ्यावर आधी क्षितिजरेषा, ती बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर. मग व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथं मिळतात तो बिंदू. मग रस्ता, खांब, झाडं. इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं हे पट्टीनं छान काढतात. पण या चित्रांत सगळ्या उभ्या रेषा उभ्याच राहतात, कारण बघणारा समोर, सरळ बघतोय असं आपण धरलेलं असतं. मान वर केली की उभ्या रेषाही एकमेकींकडं झुकू लागतात, त्यांचाही आभाळात कुठंतरी एक बिंदू तयार होतो. कॅमेऱ्यातही तसंच. फिल्म भिंतीला समांतर असेल तर भिंत सरळ येते. कॅमेरा वर कलला की भिंत निमुळती होते. यात चूक काही नाही. मानेला जे दिसतं तेच ते.

ही गोष्ट मी एकदा आण्णांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग आम्ही फ्रंट कशाला वर सरकवायचो?”

यशिकाच्या आधी, पोरगेले असताना, आण्णा ज्यांच्याकडं काम शिकले त्यांच्याकडं लाकडी फुल प्लेट कॅमेरा होता. स्टँडवर लावायचा, काळ्या कापडात डोकं घालायचं. त्याच्या दुधी काचेवर जग नुसतं डावं-उजवं नाही, डोकं खाली पाय वर असं दिसायचं. तालमीच्या पोरांचे ग्रुप फोटो, पतसंस्थेची नवी इमारत, वाड्याचा दर्शनी भाग, सगळं त्यावर. उंच इमारत असली की कॅमेरा वर कलवायचा नाही. तो सपाटच ठेवायचा आणि फक्त भिंगाची फळी वर सरकवायची. म्हणजे इमारतीचा माथाही येतो आणि भिंतीही सरळ राहतात. मालकाला इमारत सरळ हवी असायची. म्हणजे ज्याला मी नेहमीचा, सवयीचा, साधा फोटो म्हणत होते तोही केलेलाच होता. त्याच्यामागं एका माणसाचं काळ्या कापडाखालचं घामेजलेलं काम होतं. रॉडचेन्कोनं ती दुरुस्ती नाकारली. आण्णांनी ती चोख केली. दोघांनाही ठाऊक होतं की कॅमेरा आपोआप सरळ बघत नाही.

आता १९९२ ची गोष्ट. माझं वय अठरा. सुट्टीत लग्नाच्या ऑर्डरीला मी आण्णांबरोबर जायचे, त्यांच्याकडचा जादाचा पेंटॅक्स घेऊन. त्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी म्हणाले, “आण्णा, मी वर जातो.” (आमच्याकडं मुलीही जातो, आलोच म्हणतात.) कार्यालयाला वर माडी होती, तिच्या कठड्यावरून मी खाली बघितलं आणि माझा श्वास अडकला. अंतरपाट ही एरवी किती मोठी गोष्ट; वरून ती एक पांढरी रेघ होती. रेघेच्या अलीकडं फेटा, पलीकडं मुंडावळ्या. भोवती डोक्यांचं कडं, आणि ‘सावधान’ला सगळ्या बाजूंनी हात मध्ये आले. तांदूळ हवेत होते. मी बटण दाबलं.

प्रिंट बघून नवऱ्या मुलाकडचे काका दुकानात आले. “ह्यात पोरगी कुठाय? नुसती डोकी दिसत्यात. ह्याचं पैसं आम्ही द्यायचं?” आण्णांनी काही न बोलता बिलातून त्या फोटोचे पैसे वजा केले. ते गेल्यावर मी रडवेली होऊन उभी होते. आण्णा म्हणाले, “फोटो चुकला न्हाई. पर लगीन त्यांचं हुतं, तुझं न्हवं.”

त्या वयात मला हे भित्रेपणाचं बोलणं वाटलं. रॉडचेन्को माझ्या बाजूचा होता ना. त्यालाही लोकांनी कमी छळलं नाही. १९२८ मध्येच सोव्हिएत फोटोग्राफीच्या एका मासिकात निनावी पत्र आलं, की हा पाश्चात्त्य फोटोग्राफरांची नक्कल करतो. १९३० साली त्यानं एका पायोनियर, म्हणजे सोव्हिएत बालसंघटनेतल्या, मुलीचा चेहरा अगदी खालून, जवळून घेतला. हनुवटी पुढं, डोळे वर. त्यावर टीका काय, तर मुलगी वर का बघते, तिनं पुढं बघायला हवं. कोनात विचारसरणीचा दोष शोधणारे लोक पाहून मला तेव्हा राग यायचा.

पण कोन मोकळा झाला तो केवळ धाडसामुळं नव्हे, हेही मला हळूहळू उमगलं. त्यामागं यंत्र होतं आणि पैसा होता. लाकडी कॅमेऱ्याला तीन पाय लागतात. तीन पायांवर उभं राहून कुणी भिंतीला पाठ लावून झोपत नाही. लायका मुठीत मावायचा, सिनेमाची पस्तीस मिलिमीटर फिल्म खायचा, एका रोलवर छत्तीस फोटो द्यायचा, आणि मुख्य म्हणजे तो डोळ्याला लावायचा कॅमेरा होता. डोळा जाईल तिथं तो जाणार. रॉडचेन्कोनं तो १९२८ साली घेतला. छत्तीसपैकी दहा वाया गेले तरी चालतं. बारापैकी दोन वाया गेले तर आण्णांचा त्या लग्नातला नफा गेला. आण्णांची पातळी बेंबीवर राहिली यात रोलच्या किमतीचाही हात होता, हे मी कॉलेजच्या माझ्या भाषणांत कधी धरलं नाही.

त्याच दशकात युरोपात बरेच जण उंचावर चढत होते. लास्लो मोहोय-नाज हा हंगेरियन कलाकार जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत १९२३ ते १९२८ शिकवायचा. बर्लिनचा रेडिओ टॉवर १९२६ साली खुला झाला, आणि १९२८ मध्ये मोहोय-नाजनं त्यावरून सरळ खाली कॅमेरा धरला. वाटा, वर्तुळं, चौकोन; ती जमीन आहे हे कळायला वेळ लागतो. १९२९ साली श्टुटगार्टला ‘फिल्म उंड फोटो’ नावाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात हे सगळं नवं बघणं एका छपराखाली आलं. मोहोय-नाजचे हे फोटो मी मुलांना दाखवते, आवर्जून दाखवते. पण मला ते थंड वाटतात. त्यांत माणूस नसला तरी काही अडत नाही.

माझा जीव जातो तो आंद्रे केर्तेसवर. तोही हंगेरीचाच, १८९४ चा, १९२५ साली पॅरिसला आलेला. १९२९ साली त्यानं आयफेल टॉवरवरून खाली बघितलं. जमिनीवर टॉवरच्या लोखंडी जाळीची सावली पसरली आहे आणि तिच्यातून बारीक बारीक माणसं चालली आहेत, प्रत्येकाची आपली छोटी सावली घेऊन. टॉवर दिसतच नाही. तरी तो आहे, त्या माणसांच्या अंगावर. इतक्या उंचावरून बघूनही यातल्या कुणाचा ठिपका झालेला नाही. हा कुठंतरी चालला आहे, तो थबकला आहे, असं वाटत राहतं.

आणि उम्बो. खरं नाव ओट्टो उम्बेर, बाउहाउसचा विद्यार्थी. १९२८ सालचे त्याचे बर्लिनच्या रस्त्याचे फोटो आहेत, वरच्या खिडकीतून काढलेले. ऊन कललेलं. माणसं वरून दिसतात म्हणून आखूड, आणि त्यांच्या सावल्या लांब, ठसठशीत, पूर्ण माणसासारख्या. बघता बघता सावल्याच रस्त्यावरचे खरे रहिवासी वाटायला लागतात. या फोटोंकडं पुन्हा यायचं आहे.

त्याआधी खासबागेबद्दल. मंगळवार पेठेतली पोरं खासबाग मैदानाच्या आसपासच वाढतात. १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात ते खुलं झालं. मधला हौदा तळाशी आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. मी कुठल्याही परदेशी पुस्तकाआधी ‘वरून बघणं’ इथं शिकले, आण्णांच्या शेजारी बसून. तांबडी माती, तिच्यावर दोन उघडी अंगं, आणि पकड बदलली की पाठीवर माती कशी चिकटली ते वरूनच दिसतं. पण पैलवानाची मान खालून, हौद्याच्या काठावरूनच कळते. एकदा एका छोट्या मैदानात काठावर पोटावर पडून मी फोटो घेतला होता. पैलवान आभाळाला टेकले होते. आण्णांनी तो फोटो बघून विचारलं, “कुठं उभारलेलीस?” मी म्हणाले, “उभारलो न्हवतो, पडलेलो.” त्यांनी तो फोटो बराच वेळ हातात ठेवला. पसंतीची त्यांची तेवढीच खूण.

खालून बघितलं की माणूस मोठा होतो आणि वरून बघितलं की तो नक्षीत मिसळतो, असं ढोबळपणे म्हणता येईल. यातली नक्षीची बाजू मला भीती घालते, आणि त्याचं कारण २०१९ चा ऑगस्ट.

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेलं. मी एका उंच इमारतीच्या गच्चीवरून फोटो काढले. तपकिरी पाणी, त्यात छपरांचे चौकोन, विजेच्या खांबांच्या रेघा, मधूनच एखादं झाड. रात्री संगणकावर ते बघताना मला पहिल्यांदा जे वाटलं ते ‘सुंदर’ असं होतं. मग पाणी ओसरल्यावर मी ओळखीच्या एका घरात साफसफाईला गेले. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या गळ्याशी होती. कपाटातले अल्बम भिजून एकमेकांना चिकटले होते. आण्णांनी काढलेल्या फोटोंवरचा रंग बोटाला लागत होता. गच्चीवरचे ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत, आजही दाखवत नाही.

रॉडचेन्कोच्या आयुष्यातली जी गोष्ट मी कॉलेजात असताना मनातून बाजूला सारत होते, ती तेव्हा परत समोर आली. १९३३ साली त्याला श्वेत समुद्राच्या कालव्याचे फोटो काढायला पाठवलं. तो कालवा कैद्यांनी खणलेला, हातांनी, थंडीत. त्यात हजारो मेले. फोटोंत कोन आहेत, तिरप्या रेषा आहेत, कामकऱ्यांसाठी वाजणारा बँड आहे. ते फोटो सरकारच्या गौरवाच्या मासिकात छापून आले. तोवर त्याच्यावरच संशय घेतला जात होता, त्याला काम हवं होतं, जगायचं होतं. हे सगळं मला कळतं. तरी तो तिथं कुठं उभारला होता, हा प्रश्न मी त्याला विचारणारच. उंच काठावर. आणि ते खाली खड्ड्यात होते. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्याच्याबद्दल हे लिहिताना हात जड होतो. पण कोन नवा आहे म्हणून तो खरा आहे, असं मानायचं मी तेव्हापासून सोडून दिलं.

हल्ली गावाचे ड्रोनमधून घेतलेले व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर असतात. रंकाळा वरून, देवळाची शिखरं वरून, विसर्जन मिरवणूक वरून. माझे विद्यार्थी विचारतात, बाई, रॉडचेन्कोकडं ड्रोन असता तर? मला वाटतं त्याला ते यंत्र आवडलं असतं. माझी अडचण वेगळी आहे. त्या जागी कुणी उभारलेलं नसतं. कुणाची मान दुखत नाही, कुणाचा हात कठड्याला धरून लालबुंद होत नाही. म्हणून मी मुलांना एक काम देते. पंचगंगा घाटावर नेते आणि सांगते, दीपमाळ बघा. तिचे तीन फोटो, एक उभारून, एक बसून, एक पाठीवर पडून. मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा दीपमाळेच्या पायथ्याशी पडला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. फोटोही काढला नाही त्यानं. मी जवळ गेल्यावर म्हणाला, “बाई, ती पडायला लागली आहे.” ढग सरकत होते. मी त्याच्याशेजारी पडून बघितलं. खरंच पडत होती.

आता नोव्हेंबर. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि जानेवारीच्या शेवटच्या दिवसापासून २ फेब्रुवारीपर्यंत. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि आभाळ स्वच्छ असेल तर देवीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. सगळं गाव त्या वेळी आत, गाभाऱ्याकडं बघत असतं. मला बरीच वर्षं वाटत होतं की ज्या उन्हासाठी एवढी वाट बघायची ते ऊन बाहेर रस्त्यावर काय करतं ते बघावं.

महाद्वाराच्या बाजूला ओळखीचं घर आहे. दुसऱ्या मजल्यावर लाकडी गॅलरी. साडेपाचच्या आसपास मी तिथं उभारले, तोंड पश्चिमेला. सूर्य रंकाळ्याच्या दिशेला इतका खाली उतरला होता की डोळे उघडवेनात. कॅमेरा खाली कलवला, सूर्य चौकटीबाहेर ठेवला. चौकात माणसं होती: ओटीचं ताट घेतलेल्या बायका, गजरेवाली, खेळण्यांचा गाडा ढकलणारा पोरगा, सायकल हातात धरून चालणारे एक म्हातारे. वरून सगळे आखूड, काळे. आणि प्रत्येकाच्या पायापासून एक लांबच लांब सावली माझ्याकडं, म्हणजे देवळाकडं, धावत आलेली. सायकलच्या आऱ्या फरशीवर हातभर पसरलेल्या. मी अकरा फोटो घेतले. सातव्यात सगळं जुळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची मोठी प्रिंट काढून दुकानात नेली. आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद जवळ घेतला. मी प्रश्नाची वाट बघत होते, उत्तरही तयार होतं. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. कागद हातात फिरवला, खालची बाजू वर केली, आणि माझ्यासमोर धरला.

“आता बघ.”

सावल्या उभारल्या होत्या. ओटीचं ताट घेतलेली उंच, सडपातळ बाई. पोरगा गाड्यापेक्षा मोठा. म्हाताऱ्यांच्या हातात आऱ्यांची भली थोरली सायकल. खरी माणसं त्यांच्या पायांना खाली लोंबकळत होती.

उम्बोचं नाव आण्णांनी कधी ऐकलेलं नाही. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला कसं दिसलं. ते म्हणाले, “फुल प्लेटवर शिकताना सगळं उलटंच बघितलं की. डोकं खाली, पाय वर. पयले चार-सहा म्हयने त्रास हुतो. मग उलटं दिसायचं बंद हुतं.”

मग त्यांनी भावाला हाक मारून काउंटरवरची काच उचलायला लावली. काचेखाली जुने नमुन्याचे फोटो असतात, पासपोर्ट, स्टॅम्प साइज, एका बाळाचा पालथा फोटो. त्यांच्यामध्ये ही प्रिंट ठेवली, आणि अशी ठेवली की आतल्या बाजूला बसलेल्या त्यांना सावल्या उभ्या दिसाव्यात. साहजिकच बाहेर उभारलेल्या गिऱ्हाइकाला तो फोटो मी काढला तसा दिसतो.

परवा मी दुकानात होते. एक कॉलेजची मुलगी लॅमिनेशनला आली होती. पैसे काढता काढता ती थांबली, काचेवर वाकली, मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या. शेवटी काउंटरला वळसा घालून आण्णांच्या खुर्चीमागं येऊन उभारली.

“आजोबा, हे कुठनं काढलंय?”

आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. “महाद्वारात,” ते म्हणाले. “माझी लेक वर गॅलरीत उभारलेली.”